दोन सूर्योदयांची वाट

मंडळी, खेड्यातल्या माणसाला विचारा, "बाबा, पलीकडचं गाव किती लांब?" तो मैल सांगत नाही. म्हणतो, "हे काय, सकाळी निघालात तर न्याहारीला पोचाल." शाळेत आपण मुलांना अंतर मैलांत किंवा किलोमीटरांत मोजायला शिकवतो आणि हे बोलणे अडाणीपणाचे समजतो. पण तोच माणूस आषाढात विचाराल तर उत्तर बदलून देतो. "ओढ्याला पाणी आहे, वरून जावं लागंल, दुपार होईल." वाट तीच, गाव तेच, पण अंतर वाढले. त्याच्या बोलण्यात किती खरे आहे हे एका समुद्रावरच्या वाटेच्या गोष्टीवरून आज मी आपल्याला सांगणार आहे.

ही वाट हिंदी महासागरावरची. एका टोकाला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ शहर आणि दुसऱ्या टोकाला सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दक्षिण किनाऱ्यावरचे कोग्गला नावाचे तळे. शाळेत पृथ्वीगोल असेल तर शिक्षकबंधूंनी एक दोरा घ्यावा, एक टोक पर्थवर धरावे, दुसरे लंकेच्या पायथ्याशी, आणि दोरा ताणावा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर नको, गोलावरच. हा दोरा भरतो सुमारे ३,५०० मैलांचा, म्हणजे ५,६५० किलोमीटरांचा. आणि या दोऱ्याखाली बहुतेक सगळे पाणीच आहे. उजव्या हाताला जावा आणि सुमात्रा, डाव्या हाताला थेट आफ्रिकेपर्यंत समुद्र.

आता प्रश्न असा की इतक्या लांबच्या निर्जन पाण्यावरून विमान न्यायचे कोणाला सुचले आणि का? त्या काळी विमाने थांबत थांबत जात. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणारा हवाई रस्ता हिंदुस्थानावरूनच होता. १९३८ पासून या रस्त्यावर मोठी समुद्री विमाने जाऊ लागली. होडीसारख्या पोटाची ही विमाने पाण्यावर उतरत आणि पाण्यावरूनच उडत. त्यांना विमानतळ लागत नसे, तळे पुरे. कराचीहून निघाली की राजस्थानातल्या राजसमंद तलावावर, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशी उतरत ती रंगून आणि सिंगापूरला जात आणि तिथून ऑस्ट्रेलियाला. सिंगापूरच्या पुढचा भार क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होता. ही कंपनी १९२० साली क्वीन्सलंडमध्ये निघाली.

कराचीचे हे महत्त्व आपल्याला नवे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, ते विलायतेहून कराचीपर्यंत आलेले टपालच पुढे आणायला. विमानात टपाल होते सुमारे २५ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग युद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्चमध्ये जावा गेला, रंगून गेले, अंदमान बेटेही जपान्यांच्या हाती आली. हवाई रस्त्याचा मधला तुकडाच कापला गेला. पुलाचा मधला खांब वाहून जावा आणि दोन्ही टोके तशीच उभी राहावीत, तसे झाले. कराची आणि कलकत्ता इकडे, ऑस्ट्रेलिया तिकडे. ऑस्ट्रेलियाचे सैनिक, अधिकारी, सरकारी कागदपत्रे, घरची पत्रे, सगळे अडकले. बोटीने पाठवावे तर पाणबुड्यांचे भय. उलट्या बाजूने, म्हणजे पॅसिफिक आणि अमेरिकेवरून फिरून जावे तर जवळजवळ सारी पृथ्वी ओलांडावी लागे.

त्या वेळी सिलोनवरही संकट होते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी १९४२ च्या एप्रिलची धावपळ पाहिली किंवा ऐकली होती. ४ एप्रिलला कोग्गलाच्या तळ्यावरून कॅनडाचा स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल कॅटालिना जातीचे समुद्री विमान घेऊन टेहळणीला निघाला आणि लंकेच्या दक्षिणेला त्याला जपानी आरमार दिसले. त्याने बिनतारीवरून ती बातमी तळाला कळवायला सुरुवात केली. संदेश चालू असतानाच जपानी लढाऊ विमाने त्याच्यावर तुटून पडली. विमान समुद्रात गेले, त्याचे काही सोबती मेले आणि तो स्वतः युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. पण बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बाँब पडले तेव्हा शहर अगदी झोपेत नव्हते. त्याच्या पुढच्या दिवशी आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावरही बाँब पडले.

हे सांगण्याचे कारण असे की पर्थ ते कोग्गला ही वाट नकाशावर रिकामी दिसली तरी रिकामी नव्हती. जावा-सुमात्राच्या तळांवरून जपानी विमाने गस्त घालत. आणि बर्चलच्या हकिकतीवरून दिसते की एकटे मंद विमान गाठले गेले तर त्याचा निभाव लागत नसे.

तरीही १९४३ च्या मध्याला क्वांटासने ही वाट सुरू केली. विमाने पाच, सगळी कॅटालिना. त्यांना ताऱ्यांची नावे दिली होती. अल्टेअर म्हणजे आपला श्रवण, व्हेगा म्हणजे अभिजित, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, स्पायका म्हणजे चित्रा, आणि पाचवे रायजेल म्हणजे मृगाच्या चित्रातला तेजस्वी पांढरा तारा. ही नावे हौसेखातर दिली असतील असे वाटेल. पण याच ताऱ्यांच्या जिवावर ही विमाने जाणार होती.

आता थोडा हिशेब करू. कॅटालिना हे दोन इंजिनांचे, लांब पंखांचे, दणकट पण सावकाश चालणारे विमान. त्याचा सोयीचा वेग ताशी सव्वाशे मैलांच्या आसपास. साडेतीन हजार मैलांना सव्वाशेने भागा, अठ्ठावीस तास येतात. मध्ये उतरायला जागा नाही. म्हणजे अठ्ठावीस तास पुरेल एवढे पेट्रोल आणि वर काही राखीव, हे सगळे पहिल्याच क्षणी बरोबर घ्यायला हवे. म्हणून विमानातून नको ते सगळे काढले. बंदुका काढल्या, चिलखती पत्रे काढले. पोटात जादा टाक्या बसवल्या. पेट्रोल भरले जवळजवळ दोन हजार गॅलन, वजनाने साडेसहा टनांच्या घरात. आणि एवढे करून विमानात माणसे किती? कर्मचारी सोडून फक्त तीन उतारू. टपाल किती? ६९ किलो.

साडेसहा टन पेट्रोल जाळायचे आणि न्यायचे काय, तर तीन माणसे आणि दोन पोती ज्वारीही भरणार नाही एवढे टपाल! आपल्या बाजारच्या भाषेत हा निव्वळ तोट्याचा धंदा. पण त्या टपालात सैन्याची गुप्त कागदपत्रे असत आणि घरच्यांची पत्रे असत. युद्धकाळी पत्रांचे वजन वाचवायला अशीही युक्ती काढली होती की पत्राचा फोटो बारीक फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे पुन्हा कागदावर छापून पत्ता असेल तिथे पोचवायची. १९३२ चे टाटांचे २५ किलो आठवतात ना? तिथून अकरा वर्षांत, कितीतरी मोठ्या विमानातून, आकडा गेला ६९ वर. लांबच्या वाटेवर विमान मुख्यतः स्वतःचे पेट्रोलच वाहून नेत असते. लांबच्या उड्डाणाची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

पर्थ शहराला लागून स्वान नदीचे रुंद, तळ्यासारखे पात्र आहे. तिथून हे जड झालेले विमान पाण्यावर बराच वेळ धावत धावत कसेबसे उचलले जाई. आरंभीचे कित्येक तास दोनपैकी एक इंजिन बंद पडते तर उरलेल्या एकावर ते वजन हवेत टिकण्याजोगे नव्हते. पेट्रोल जळत जाई तसतसे विमान हलके होई आणि धोका कमी होई. म्हणजे वाटेचा पहिला भाग वजनामुळे धोक्याचा आणि पुढचा शत्रूमुळे. शत्रूच्या टप्प्यातला पट्टा अंधारात ओलांडता यावा अशा बेताने निघण्याची वेळ ठरवत.

बिनतारीवरून बोलायचे नाही ही सक्त ताकीद. संदेश पाठवला की शत्रूला पत्ता लागला. हवेत असताना विमान कुठे आहे हे ना पर्थला कळे, ना कोग्गलाला. आतल्या दिशादर्शकाने दिवसा सूर्य आणि रात्री तारे सेक्स्टंट नावाच्या यंत्रातून पाहायचे, घड्याळ पाहायचे, गणिताची कोष्टके उघडायची आणि नकाशावर पेन्सिलीने टिंब द्यायचे. वाऱ्याने विमान किती बाजूला सरकते हे पाहायला त्या काळी पाण्यावर खूण सोडून तिच्याकडे बघत कोन मोजत. आमच्या कोकणच्या तांडेलाला हे शास्त्र अगदी परके वाटणार नाही, फक्त तो ते काम गलबताच्या सावकाश चालीने करतो. इथे चूक एका अंशाची झाली तरी साडेतीन हजार मैलांवर ती सुमारे साठ मैलांची होते. लंका चुकली तर पुढे पुन्हा समुद्रच.

आणि ढग आले तर? तारे दिसले नाहीत तर? मग घड्याळ, होकायंत्र आणि अंदाज. वैमानिकांच्या धैर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. मला स्वतःला या हकिकतीत त्या पेन्सिलवाल्या दिशादर्शकाचे अधिक कौतुक वाटते. वैमानिकाच्या हातात निदान सुकाणू असते. याच्या हातात फक्त गणित.

आता त्या शेतकऱ्याच्या उत्तराकडे वळू. अंतर ठरलेले, विमान ठरलेले, मग वेळही ठरलेला असायला हवा. पण तसे नव्हते. कधी सत्तावीस तासांत विमान पोचे, कधी तिसावर, आणि एका फेरीला तर ३२ तास ९ मिनिटे लागली. उतारू नेणाऱ्या विमान कंपनीच्या विमानाने न थांबता हवेत इतका वेळ राहण्याचा हा विक्रमच समजला जातो. हा फरक कशाने? वाऱ्याने. मुलांना हे गणित जरूर घाला. विमानाचा वेग ताशी १२५ मैल. समोरून फक्त ताशी १६ मैलांचा वारा, म्हणजे शेतातले धान्य वारवायला बरा पडेल एवढाच. उरला वेग १०९. आता ३,५१३ मैलांना १०९ ने भागा. उत्तर बत्तीस तासांच्या थोडे वर येते. सोळा मैलांच्या वाऱ्याने चार तास खाल्ले. आता हेच गणित आजच्या ताशी ५६० मैल जाणाऱ्या जेट विमानाला लावा. वारा नसता सव्वासहा तासांच्या आसपास, वारा असता फक्त दहा-अकरा मिनिटे जास्त. जेटला जो वारा मिनिटांत जाणवतो तो कॅटालिनाला ओढ्याच्या पुरासारखा होता.

या वाटेचे नाव पडले 'दुहेरी सूर्योदय'. कारण विमान इतका वेळ हवेत राही की आतल्या माणसांना एकाच प्रवासात दोनदा सूर्य उगवताना दिसे. यातही भूगोलाचा एक मजेदार धडा आहे. पर्थ आणि कोग्गला यांच्या रेखांशांत साडेपस्तीस अंशांचा फरक आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर दोन तास बावीस मिनिटे. पश्चिमेकडे जाणारे विमान सूर्याच्या मागे मागे धावते, म्हणून त्याला दुसरा सूर्योदय चोवीस तासांनी नव्हे, तर साधारण पंचवीस-सव्वीस तासांनी दिसायचा. उलट लंकेहून ऑस्ट्रेलियाला जाणारे विमान सूर्याला सामोरे जाते, त्याला तो बावीस-तेवीस तासांतच भेटायचा. एकाच रस्त्यावर जाताना दिवस मोठा आणि येताना लहान!

उतारूंना पलीकडे पोचल्यावर एक प्रमाणपत्र मिळे. त्यावर ते 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघा'चे सभासद झाल्याची आणि चोवीस तासांहून अधिक काळ हवेत राहिल्याची नोंद असे. थट्टेचाच कागद, पण तीस तास थंडीत, गोंगाटात, पेट्रोलच्या टाक्यांशेजारी बसून काढल्यावर माणसाला एवढी थट्टा हवीच.

पुढे ही वाट कोग्गलाहून कराचीपर्यंत वाढवली, म्हणजे तुटलेल्या रस्त्याची दोन टोके पुन्हा जोडली गेली. १९४४ मध्ये चार इंजिनांची लिबरेटर विमाने आली. ती जमिनीवरून उडणारी. पर्थहून निघून उत्तरेकडे एक्समथ आखाताजवळ पेट्रोल घेऊन ती समुद्र ओलांडत आणि तो टप्पा सुमारे सतरा तासांत काटत. वाट तीच समुद्रावरची, पण एकच सूर्योदय उरला. कॅटालिनांची शेवटची फेरी जुलै १९४५ मध्ये झाली. दोन वर्षांत त्यांनी २७१ वेळा हा समुद्र ओलांडला आणि या वाटेवर त्यांतले एकही विमान हरवले नाही.

शेवट मात्र चमत्कारिक झाला. ही विमाने अमेरिकेच्या उसनवारीच्या कराराखालची. युद्ध संपल्यावर ती नागरी कामाला ठेवायची नव्हती. म्हणून ज्यांनी दोन वर्षे समुद्रात पडण्याचे टाळले ती पाचही विमाने माणसांनीच समुद्रात नेऊन बुडवली, चार पर्थजवळ आणि एक सिडनीजवळ. करार तो करार, हे मला समजते. तरीपण एक तरी विमान संग्रहालयात ठेवायला हवे होते असे इतिहासाच्या शिक्षकाला वाटल्यावाचून राहत नाही.

नाव मात्र राहिले. २०१८ च्या मार्चमध्ये क्वांटासचे बोइंग विमान पर्थहून न थांबता थेट लंडनला जाऊ लागले. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण सतरा तास. म्हणजे लिबरेटर जेवढ्या वेळात एक समुद्र ओलांडी तेवढ्यात हे विमान समुद्र ओलांडून आशिया आणि युरोपही पार करी, आणि तीनऐवजी दोनशेंहून अधिक उतारू नेई. सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्कला एका दमात जाण्याची जी योजना त्या कंपनीने २०१७ मध्ये मांडली, तिला तिने नाव दिले 'प्रोजेक्ट सनराइज', याच जुन्या दोन सूर्योदयांच्या आठवणीने.

आतापर्यंत मी विमानांची आणि वैमानिकांची गोष्ट सांगितली. पण प्रत्येक वाटेला दोन टोके असतात आणि टोकाला गाव असते. कोग्गला हे मोकळे तळे नव्हते. काठाने नारळीच्या बागा आणि वस्ती होती. १९४२ मध्ये तळ उभारायचा ठरला तेव्हा गावकऱ्यांना अगदी थोड्या मुदतीत घरे सोडायला लावली. घरे पाडली, झाडे तोडली. ज्यांच्या जमिनीवर हे सारे उभे राहिले त्यांना पर्थ कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. धरणाखाली ज्यांची गावे गेली त्या आपल्याकडच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. विमानाने जग जवळ आले असे आपण म्हणतो तेव्हा, कोग्गलाचा जो माणूस त्या दिवशी भांडीकुंडी डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी गेला, त्याचे स्वतःचे गाव त्याला किती लांब झाले हेही कुठेतरी मोजायला हवे.

मार्टिन विक्रमसिंघे हे सिंहली भाषेचे मोठे कादंबरीकार. ते १८९० मध्ये याच कोग्गलाला जन्मले. दक्षिण लंकेतले खेडे कसे पालटत गेले हे सांगणारी त्यांची 'गंपेरळिय' ही कादंबरी १९४४ साली निघाली, म्हणजे त्यांच्या गावच्या तळ्यावर कॅटालिना उतरत होत्या त्याच सुमाराला. गाव पाडले गेले त्यात त्यांचे जन्मघर मात्र वाचले. पुढे त्या घराभोवती खेड्यातल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय झाले. नांगर, मासे धरायच्या टोपल्या, मातीची भांडी, बैलगाड्या तिथे मांडून ठेवल्या आहेत. कोग्गलाचे ते तळे तिथून जवळच आहे.